बदलीची चिठ्ठी

सगळे हसले त्याचं काही नाही. सभागृह भरलं की माणसं कशालाही हसतात, माइक खरखरला तरी हसतात. पण त्यांच्याबरोबर तोही हसला. नुसते ओठ ताणून नव्हे, चांगली मान मागे टाकून, दात दाखवून हसला, आणि शेजारच्या ग्रंथपालांनी टाळीसाठी हात पुढे केला तेव्हा त्याने टाळीही दिली. टाळीचा आवाज झाला तेव्हा कुठे त्याला कळलं, आपण काय केलं ते. तळहात झिणझिणत होता. व्यासपीठावर थोरले सर एका हाताने निरोपाचा पुष्पगुच्छ सांभाळत, दुसऱ्या हाताने माइक धरून पुढचं वाक्य सोडत होते. “तर मंडळी, असा हा आमचा धाकटा! मी सांगतोय चौदाला काढ, आणि हा पठ्ठ्या चिठ्ठीवर लिहितो नऊ! अहो, फायनल मॅच! ज्याने गोल केला तोच पोरगा बाहेर! आग लागली आमच्या घराला, आणि ह्याने पाणी ओतलं शेजारच्याच्या अंगणात!” पुन्हा हशा. पुन्हा त्याच्या गालांचे स्नायू आपोआप वर गेले, जसे गेली एकोणीस वर्षं जात होते. पहिल्या रांगेत प्राचार्यबाई रुमालाने डोळे टिपत होत्या. त्या आजच दुपारी चार वाजता त्याची मुलाखत घेणार होत्या, थोरल्या सरांच्या रिकाम्या होणाऱ्या खुर्चीसाठी. आणि थोरल्या सरांना हे ठाऊक होतं, कारण त्या मुलाखतीला तेही बसणार होते. सकाळी अकराला खड्डा खणायचा आणि दुपारी चारला ढकलायचं. वा रे वा. आणि खड्डा खणताना टाळ्या कोणी वाजवल्या? ह्याने.

कॉलेजच्या फुटबॉल संघाला दोन प्रशिक्षक. मुख्य ते थोरले सर, साहाय्यक तो धाकटे सर. ही नावं पोरांनी पहिल्याच वर्षी ठेवली होती. तो तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता, आणि त्या वयात धाकटा म्हणवून घेण्यात एक ऊब असते. पुढेमागे थोरला होणार असं त्यात धरलेलंच असतं. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, जिना उतरताना दोन्ही गुडघे वेगवेगळ्या आवाजात बोलू लागल्यावर, शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी धाकटे, धाकटे करावं? सकाळी सहाला मैदानाचं कुलूप तो उघडायचा. चेंडूंत हवा तो भरायचा, शंकू तो मांडायचा, सुजलेले घोटे तो बांधायचा, समोरच्या संघाची मॅच असेल त्या दिवशी उन्हात पायरीवर एकटा बसून त्यांचा डावा बॅक कधी दमतो ते तो टिपायचा. साडेसातला थोरले सर यायचे. त्यांची खुर्ची सावलीत असायची, सावली सरकली की खुर्ची सरकवली जायची, तीही तोच सरकवायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते कोणाला बघायचं असेल तर त्याने त्या मैदानावर यावं. “धाकट्या, आज काय आहे आपलं?” थोरले सर विचारायचे. तो वही उघडून सांगायचा. मग थोरले सर उठून पोरांना तेच सांगायचे, पण असं, की जणू ते रात्री त्यांच्या स्वप्नात आलं होतं.

त्या वह्या आता सभागृहाच्या दारात काचेच्या पेटीत होत्या. एकोणीस हंगामांच्या एकोणीस वह्या. बाहेर पडताना लोक थांबून वाकून बघत होते, आणि पेटीला लावलेली पाटी वाचत होते: ‘थोरल्या सरांच्या स्वहस्ताक्षरातील वह्या’. गुरुवारी दुपारी पेटी त्यानेच पुसली होती, वह्या त्यानेच ओळीने मांडल्या होत्या, पाटीही त्यानेच लिहिली होती. पेटीची किल्ली त्याच्या जुडग्यात होती, क्रीडा विभागाच्या सगळ्याच किल्ल्या त्याच्या जुडग्यात असतात. “काय अक्षर आहे हो सरांचं,” कोणीतरी बाई म्हणत होत्या, “हल्ली असं कोण लिहितं?” तो खिशातलं जुडगं मुठीत आवळून पुढे गेला.

अक्षराची गोष्ट अशी होती. त्याच्या पहिल्याच हंगामात थोरले सर न्हाणीघरात घसरले आणि त्यांचा उजवा पंजा मोडला. नेमकी तेव्हाच तपासणी समिती यायची होती, आणि मुख्य प्रशिक्षकाची वही त्याच्या स्वतःच्या हातची हवी असा नियम होता. “तू लिही की रे,” थोरले सर प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं हलवत म्हणाले, “जरा माझ्यासारखं काढ म्हणजे झालं.” तीन संध्याकाळी तो त्यांची जुनी कागदपत्रं समोर ठेवून बसला. शिरोरेघ उजवीकडे वर जाणारी, र चा पाय लांब, आकडे फुगीर, ओळीच्या शेवटी टिंब इतकं दाबून, की मागच्या पानावर उमटावं. त्याला त्यात मजा आली होती, हे कबूल करायला हवं. थोरल्या माणसाच्या हाताचं वळण आपल्या हातात शिरतंय, आणि त्याबरोबर काहीतरी थोरपणही शिरत असेल, असं त्याला वाटलं होतं. मूर्ख! सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, पण पेन परत गेलं नाही. हजेरी, अहवाल, रजेचे अर्ज, रेफ्रीविरुद्धच्या तक्रारी, पोरांना द्यायची शिफारसपत्रं, सगळं तो लिहीत राहिला आणि थोरले सर खाली सही करत राहिले, पुढे सहीही तोच करू लागला. आणि एक दिवस किराणामालाची यादी लिहिताना त्याच्या लक्षात आलं, की र चा पाय लांब गेलाय. त्याने कागद फाडून पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. त्याला आपलं पहिलं अक्षर आठवेना. बँकेने एकदा त्याची स्वतःची सही परत पाठवली होती, जुळत नाही म्हणून. तेव्हा घरात केवढं हसू झालं होतं. तेव्हाही तो हसलाच होता.

घर वीस मिनिटांच्या अंतरावर. तो रस्ता त्याने दहा मिनिटांत तुडवला. वाटेत एका माणसाचा खांदा लागला, तो माणूस “बघून चला” म्हणाला, आणि ह्याच्या तोंडून “सॉरी” निघालं. त्याच क्षणी त्याला स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटलं. हा शब्द कसा तयारच असतो जिभेवर! ढकललं त्याने, सॉरी ह्याचं. दुकानांच्या काचांत त्याला आपला ब्लेझर दिसत होता, खास आजच्यासाठी इस्त्री केलेला, आणि ब्लेझरवर ते तोंड, ज्यावर अजून हसण्याच्या सुरकुत्या पूर्ण मिटल्या नव्हत्या. जिन्यात त्याने दोन्ही हातांनी गाल चोळून काढले.

बायको जेवणाच्या टेबलावर शाळेच्या वह्या तपासत बसली होती. समोर तिसरीचा ढीग, हातात लाल पेन. “आलात?” मान वर न करता ती म्हणाली, “काय म्हणतायत तुमच्या सासूबाई?” थोरल्या सरांना ती सासूबाई म्हणायची, लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून. माझी एक सासू होती, ती बिचारी गेली, तुमची ठणठणीत आहे, असं पाहुण्यांसमोरसुद्धा सांगायची. एरवी तो चिडल्याचं नाटक करायचा. आज तो स्टूल घेऊन माळ्यावरचा बुटांचा खोका काढू लागला. खोक्यात त्याचे खेळाडू म्हणून घातलेले शेवटचे बूट होते, तळवे सुटलेले, आणि डाव्या बुटात चार घड्या घातलेला एक निळा कागद. कार्बनची प्रत. अकरा वर्षं तो कागद तिथे होता, आणि अकरा वर्षांत त्याने तो एकदाही उलगडला नव्हता. तो आहे, एवढं पुरायचं. कोणी टोमणा मारला, एखाद्या समारंभात तो किस्सा निघाला, की तो मनातल्या मनात माळ्यावर चढायचा, बुटात हात घालायचा आणि खाली यायचा. बघतो म्हणायचा, एक दिवस दाखवतो. आज तो दिवस होता.

अकरा वर्षांपूर्वीची ती फायनल. बदली खेळाडू उतरवायचा तर चिठ्ठी लिहून मैदानाच्या कडेच्या पंचाकडे द्यायची, ‘बाहेर’ ह्या रकान्यात एक आकडा, ‘आत’ ह्या रकान्यात एक. चिठ्ठ्यांचं पुस्तक साहाय्यकाकडे. शोधाशोध नको म्हणून तो ते नाडीला बांधून गळ्यात अडकवायचा. नऊ नंबर म्हणजे लंबू. तिसऱ्या वर्षाचा, ताडासारखा पोरगा, चालताना गबाळा, पण चेंडू पायात आला की बघणाऱ्याचं बोलणं थांबावं असा. त्याला बघायला एका मोठ्या क्लबची दोन माणसं वरच्या पायरीवर येऊन बसली होती, हे साऱ्या मैदानाला माहीत होतं. एक गोल त्याने केला होता. आणि हाफटाइमला, पाणी पिता पिता, सगळ्या संघासमोर तो म्हणाला होता, “धाकट्या सरांचं बरोबर आहे सर. त्यांचा डावा बॅक संपलाय. मी मधून जात नाही, त्या बाजूने जातो.” बस, एवढंच. थोरल्या सरांनी टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. अडुसष्टाव्या मिनिटाला थोरले सर म्हणाले, “नऊला काढ.” त्याने पेन काढलं. लिहिलं नाही. “नऊ? सर, नऊला?” तो म्हणाला. त्याच्या अख्ख्या नोकरीतला हा सगळ्यात मोठा विरोध. थोरल्या सरांनी आवाज चढवला नाही. त्यांनी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि पुस्तक धरून आपल्याकडे ओढलं, आणि पुस्तक गळ्यात असल्यामुळे पुस्तकामागोमाग तो गेला. कमरेत वाकून. दोन आकडे लिहायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तो तसाच उभा होता, नाक थोरल्या सरांच्या पोटाशी, टाल्कम पावडरीचा आणि घामाचा वास, मानेत रुतलेली नाडी, आणि कानांवर पायऱ्यांवरचा गलका. मग पुस्तक सुटलं आणि त्याच्या छातीवर आपटलं. त्याने चिठ्ठी फाडली. पंचापर्यंत नेऊन दिली कोणी? त्यानेच. पायाने चालत गेला. लंबू बाहेर येताना त्याच्याकडे बघत होता, थोरल्या सरांकडे नाही. क्लबची माणसं दहा मिनिटांत उठली. शेवटच्या वीस मिनिटांत दोन गोल झाले आणि संघ हरला.

आणि मग ती खोली. ओल्या मोज्यांचा वास, लंबू टॉवेल डोक्यावर घेऊन कोपऱ्यात, कोणीतरी दाराला लाथ मारलेली. थोरले सर आत आले, सरळ ह्याच्यापाशी आले, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, “हे बघा, चूक होते माणसाच्या हातून. मी चौदा म्हटलं, ह्याने गडबडीत नऊ लिहिलं. ह्याला कोणीही काही बोलायचं नाही. मी त्याला माफ केलंय.” माफ! त्याने तोंड उघडलं. त्याला नक्की आठवतंय, तोंड त्याने खरं सांगायलाच उघडलं होतं. बाहेर आलं ते “सॉरी”. शिव्या खाल्ल्या असत्या तर निदान उलट बोलता आलं असतं, पण माफीला काय उत्तर द्यायचं? परतताना गाडीत थोरले सर त्याच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, “दोन वर्षांनी मी सुटतो. मग खुर्ची तुझीच आहे, वेड्या.” दोनाची चार झाली, चाराची आठ, आठाची अकरा, दर वेळी मुदतवाढीचा अर्ज थोरल्या सरांच्या वळणदार अक्षरात प्राचार्यांकडे जायचा. तो कोण लिहायचा ते सांगायलाच हवं का?

त्याने कागद टेबलावर, बायकोच्या वह्यांवर उलगडला. घड्यांवर कार्बन पुसट झाला होता, पण आकडे स्वच्छ होते. बाहेर ९. आत १७. फुगीर, डौलदार. “हे अक्षर कोणाचं?” त्याने विचारलं. बायकोने चष्मा वर केला. “तुमचं.”

“नीट बघ.”

“तुमचंच की. नाहीतर त्यांचं. अहो, तुमचं आणि त्यांचं मला वेगळं कधी ओळखू आलंय? माझ्या वर्गात दोन पोरांनी असं लिहिलं असतं तर मी दोघांना उभं केलं असतं.”

तो खुर्चीवर बसला. अकरा वर्षं जपलेला पुरावा, आणि त्यावर त्याच्याच हाताचे ठसे. त्याने पेन घेतलं, तिसरीच्या कुठल्याशा वहीच्या मागच्या पानावर ९ काढला, पुन्हा काढला. तोच. तसाच. क्षणभर टेबल, खोली, सगळं गळून गेलं आणि त्याला वाटलं, खरंच आपणच लिहिलं असेल तर? पुस्तक ओढलं वगैरे आपण नंतर रचलं असेल? एखादी गोष्ट अकरा वर्षं समारंभांतून ऐकली की ती तशीच घडली असं वाटायला लागतं. “पोरीच्या वहीवर कशाला गिरवताय?” बायको म्हणाली, आणि मग त्याच्या तोंडाकडे बघून तिने लाल पेन खाली ठेवलं. “फायनलचं आहे का हे? त्यांनी आजही तेच सांगितलं?” त्याने कागदाची पहिली घडी घातली. “आणि तुम्ही ऐकून घेतलंत. त्या दिवशी घरी आलात तेव्हा मानेला इथून इथपर्यंत ओरखडा होता. लालभडक. मी मलम लावलं, आणि विचारलं काय झालं, तर म्हणालात, नाडी घासली. स्वतः लिहिताना कोणाची मान सोलवटते का हो? मी तेव्हाच समजले होते. वाट बघत होते, कधी बोलताय.” तिचा आवाज चिरकला. “अकरा वर्षं! मी शेजारणींना सांगते, आमचे हे शांत आहेत हो. शांत कसले? तोंड दाबून बुक्क्यांचा मार नुसता.” तिने वही ओढून घेतली आणि त्याने गिरवलेले दोन्ही नऊ लाल पेनने खोडले.

चारला पाच मिनिटं असताना तो प्राचार्यांच्या खोलीबाहेर होता. बाकावर लंबू बसला होता, गुडघे छातीशी आल्यासारखे. दुसरा उमेदवार. आता बत्तीस वर्षांचा, कुठल्या तरी शाळेच्या संघाला शिकवणारा, कानांवरचे केस विरळ झालेले. मोठा क्लब त्याच्या आयुष्यात पुन्हा आला नाही. “नमस्कार, सर,” तो उठून म्हणाला. सकाळी सभागृहात तिसऱ्या रांगेत तो एकटाच हसला नव्हता, गुडघ्यांकडे बघत बसला होता. ते ह्याने पाहिलं होतं आणि तेवढ्यापुरतं त्याला पोराविषयी माया आली होती. मग आतून हाक आली.

प्राचार्यबाई गोड बोलल्या. एकोणीस वर्षांची निष्ठा, मैदानावरचे कष्ट, वगैरे. शेजारी थोरले सर पुष्पगुच्छाचं एक फूल कोटाला लावून बसले होते. “सकाळचा किस्सा मजेशीर होता,” बाई म्हणाल्या, “पण गंमत बाजूला ठेवून विचारते. मुख्य प्रशिक्षकाला ऐन क्षणी निर्णय घ्यावे लागतात. तुमच्याकडून तेव्हा जे झालं...” त्याने खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. “मॅडम, ही ती चिठ्ठी. ही मी लिहिलेली नाही. सरांनी लिहिली. सरांनी नऊच सांगितलं होतं.” थोरल्या सरांनी सावकाश चष्मा काढला, पुसला, लावला, कागद उचलला आणि मनापासून हसले. “अरे वेड्या! हे अक्षर तुझं आहे. मॅडम, सांगतो तुम्हाला, माझा पंजा मोडल्यापासून मी पेन धरलंय कुठे? सगळं लिखाण ह्याच्याकडे. एकोणीस वर्षांत मी एक ओळ लिहिली असेल तर शपथ! जे लिहिलं ते ह्याने. हवं तर फाइल मागवा, ताडून बघा.” बाईंनी फाइल मागवली. त्याचा स्वतःचा आजचा अर्ज त्यात वरच होता, त्याच फुगीर आकड्यांचा. बाईंनी चिठ्ठी त्याच्या शेजारी ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं, दयेने. “मानेला,” तो म्हणाला, “तेव्हा माझ्या मानेला...” आणि थांबला. काय सांगणार होता? बायकोने मलम लावलं म्हणून? “पाणी घेता का?” बाईंनी विचारलं. थोरले सर म्हणाले, “जाऊ द्या मॅडम, ताण असतो माणसाला. माझ्या मनात काही नाही.” म्हणजे पुन्हा माफ. तो उठला. दारापाशी पोचेपर्यंत त्याच्या जिभेवर तो शब्द येऊन बसला होता. ह्या खेपेला त्याने दात आवळून धरले, आणि दार लावलं.

लंबू उभा होता. आतलं थोडंफार त्याच्या कानांवर गेलं असावं, कारण त्याचा चेहरा बदलला होता. “सर,” तो हळू म्हणाला, “मला तुम्ही काढलं नव्हतंत?”

“नाही.”

“मग थोरल्या सरांनी?”

“हो. तू माझी बाजू घेतलीस म्हणून.” मग त्याला वाटलं, एवढ्यावर थांबलं तर हेही अर्धंच खरं होईल. “पण चिठ्ठी नेऊन मी दिली. माझे पाय चालले. मी फाडून टाकू शकलो असतो. आणि नंतर, खोलीत, तू टॉवेल घेऊन बसला होतास, तेव्हा बोलू शकलो असतो.”

लंबूने त्याच्याकडे बघितलं. “अकरा वर्षं मी तुम्हाला माफ करत होतो सर,” तो म्हणाला. “रोज थोडं थोडं. रस्त्यात दिसलात की मुद्दाम नमस्कार करायचो. सगळं फुकट गेलं की हो.” त्याच्या आवाजात हसू होतं की हुंदका ते कळायच्या आत शिपायाने त्याचं नाव पुकारलं आणि तो मान वाकवून त्या बुटक्या दारातून आत गेला.

तो बाकावर बसला. लाकूड अजून लंबूच्या अंगाने गरम होतं. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात. त्याला काही हलकं वाटलं नाही, उलट इतका वेळ कुठेतरी तळाशी बसलेला राग आता हातापायांत पसरला होता, बोटांच्या टोकांपर्यंत, आणि त्या रागाला दोन तोंडं होती, एक दाराकडे आणि एक त्याच्याकडेच. आतून थोरल्या सरांचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण शब्दांची गरजच नव्हती, चाल त्याला पाठ होती. आधी खाकरणं. मग ‘फायनल’वर जोर. मग चौदा, मग नऊ, मग छोटा विराम. आता घर, आग, शेजाऱ्याचं अंगण. त्याने श्वास रोखला. लंबूला आता सगळं माहीत होतं, आणि लंबूला ती खुर्ची हवी होती. एक क्षण काहीच आलं नाही. मग हसू आलं. आधी जरा अडखळत, घशातल्या घशात, मग मोकळं, मान मागे टाकून. मान मागे टाकली हे त्याला भिंतीपलीकडून दिसलं. त्या हसण्याचा प्रत्येक स्नायू त्याच्या ओळखीचा होता. त्याला लंबूचा राग आला नाही. अरे गाढवा, एवढंच त्याला वाटलं, अरे गाढवा, पुढची एकोणीस वर्षं तुझी.

आणि तेव्हा, ते हसू कानांत असतानाच, थोरल्या सरांचं मघाचं वाक्य त्याला पुन्हा ऐकू आलं. एकोणीस वर्षांत मी एक ओळ लिहिली असेल तर शपथ. जे लिहिलं ते ह्याने. तो उठला. जिना उतरताना गुडघे बोलले, त्याने ऐकलं नाही. सभागृहाच्या दारात दुसरा शिपाई खुर्च्या एकात एक घालत होता. त्याने जुडग्यातली बारकी किल्ली शोधली, काचेची पेटी उघडली आणि एकेक वही काढून डाव्या हातावर रचू लागला. पहिल्या हंगामाची, कडा फुगलेली. पावसात भिजून सुकलेली. फायनलच्या वर्षाची.

“अहो सर, सर!” शिपाई खुर्ची टाकून धावला, “हे काय करताय? थोरल्या सरांच्या वह्या आहेत त्या. त्यांच्या हातच्या.”

“थोरले सरच आत्ता वर म्हणाले, अक्षर माझं आहे म्हणून. प्राचार्यबाईंसमोर, शपथेवर. जा, विचारून ये.”

शिपायाने जिन्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि तो जागचा हलला नाही. एकोणिसावी वही हनुवटीखाली दाबून ह्याने पेटीचं झाकण लावलं, सवयीने कुलूपही घातलं, ओढून बघितलं. आत पाटी तेवढी राहिली होती: ‘थोरल्या सरांच्या स्वहस्ताक्षरातील वह्या’. पाच वाजत आले होते, पोरं मैदानावर आली असतील. तो वह्या सावरत बाहेर पडला.